दोन पदव्या, एक सनद

कायदा आणि पत्रकारिता ही जोडी ऐकताक्षणी पटते. दोन्हीकडे भाषा लागते, कागदपत्रे वाचण्याचा चिवटपणा लागतो, सत्तेला प्रश्न विचारण्याची हिंमत लागते. वादविवाद स्पर्धा गाजवणाऱ्या, लिहिण्याची आवड असलेल्या मुलीला बारावीनंतर ही वाट दाखवली की घरातली ओढाताणही थांबते. तिला वर्तमानपत्र खुणावत असते आणि आईवडिलांना वकिलीचा भरवसा वाटत असतो. माहितीपत्रकेही नेमकी याच भावनेला हात घालतात: पाच-सहा वर्षांत दोन पदव्या, एक क्षेत्र जमले नाही तर दुसरे आहेच.

या आश्वासनातला अर्धा भाग खरा आहे. ज्ञान म्हणून ही जोडी उत्तम आहे आणि मराठी पत्रकारितेला तिची निकडीची गरज आहे. व्यवसाय म्हणून मात्र ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच वेळी पूर्ण वेळ करणे आपल्या देशात नियमाला धरून नाही. नियम क्षणभर बाजूला ठेवले तरी दोन्ही कामांची मूळ कर्तव्ये एकमेकांना छेद देतात. हे प्रवेश घेतानाच कळले तर विद्यार्थ्याला आपला मार्ग नीट आखता येतो. पदवीदान समारंभानंतर कळले तर हातातली वर्षे निघून गेलेली असतात.

प्रवेशापूर्वीचा पेच

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पूर्ण वेळ अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येऊ नयेत, एवढी अट घातली. एक अभ्यासक्रम वर्गात आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने करायचीही मुभा मिळाली. बातमी आली तेव्हा मथळे मोठे होते आणि ‘आता एका वेळी दोन पदव्या’ एवढाच निरोप घरोघरी पोहोचला. जिथे व्यावसायिक परिषदा आहेत तिथे त्यांचे नियमही लागू राहतील, ही पुढची ओळ फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही.

कायद्याच्या शिक्षणाची अशी परिषद म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडिया. तिच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतला सहावा नियम स्पष्ट आहे. कायद्याच्या नियमित अभ्यासक्रमाला नाव घातलेल्या विद्यार्थ्याला त्याच वेळी दुसऱ्या नियमित पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येत नाही. बी.ए. एलएल.बी.सारख्या एकात्मिक अभ्यासक्रमातली जोडपदवी त्याला अपवाद आहे. भाषा किंवा संगणकाचे छोटे अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातले अभ्यासक्रम यांनाही सूट आहे. म्हणजे सकाळी विधी महाविद्यालय आणि संध्याकाळी पत्रकारितेची नियमित पदवी हा अनेकांच्या डोक्यातला बेत अनुदान आयोगाच्या चौकटीत बसतो आणि बार कौन्सिलच्या चौकटीत अडकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने एक परिपत्रक काढून, विद्यार्थी कायद्याबरोबर दुसरा नियमित अभ्यासक्रम करत आहे का, याचे प्रतिज्ञापन महाविद्यालयांनी त्याच्याकडून घ्यावे असे सांगितले. अंतिम गुणपत्रिका आणि पदवी त्याच्याशी जोडली. तेव्हा ‘कोण बघतंय’ या भरवशावर दोन ठिकाणी नाव घालणाऱ्याने आपली सनदच पणाला लावलेली असते.

यातून सरळ वाटा तीनच उरतात. पहिली म्हणजे मान्यताप्राप्त पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम. तो निवडताना त्यात पत्रकारिता नेमकी किती आहे, की माध्यमांवरचे दोन-तीन पेपर आणि एक आकर्षक नाव एवढेच आहे, हे पाहावे लागते. दुसरी, कायद्याबरोबर दूरस्थ पद्धतीने पत्रकारिता. तिसरी वाट सर्वात जुनी: आधी पत्रकारितेची किंवा दुसरी कोणतीही पदवी घ्यायची, थोडी वर्षे बातमीदारी करायची आणि मग तीन वर्षांचे एलएल.बी. करायचे, किंवा आधी कायदा आणि नंतर पत्रकारिता. महाराष्ट्रातल्या कोर्टाच्या बीटवरची कित्येक चांगली माणसे याच वाटेने आलेली आहेत. या वाटेला जाहिरातीचे मोल नाही, कारण ती एका संस्थेच्या एका पॅकेजमध्ये विकता येत नाही.

सनदेची अट

समजा, पदव्या नीट मिळाल्या. खरा प्रश्न त्यानंतर येतो. एलएल.बी. झालेला माणूस वकील नसतो. राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी झाली, सनद मिळाली आणि अखिल भारतीय बार परीक्षा पार पडली की तो वकिली करू शकतो. सनद घेताना तो जी बंधने स्वीकारतो त्यांत बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला एकोणपन्नासावा नियम आहे: वकिली करत असताना कोणाचाही पूर्ण वेळ पगारी नोकर राहता येणार नाही. अशी नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. वृत्तपत्रातला बातमीदार, उपसंपादक, वाहिनीचा प्रतिनिधी यांच्या नोकऱ्या पूर्ण वेळच्या असतात. त्यामुळे दोन दारांतले एक उघडताना दुसरे बंद करावे लागते, निदान तेवढा काळ.

एक्कावन्नाव्या नियमात थोडी मोकळीक आहे. कायद्याच्या पुस्तकांचे संपादन, परीक्षार्थींची शिकवणी, छापण्यापूर्वी वृत्तपत्राच्या मजकुराची कायदेशीर तपासणी ही कामे वकील करू शकतो. जाहिरातबंदी आणि पूर्ण वेळ नोकरीची बंदी पाळून तो पत्रकारिता, प्रक्षेपण आणि अध्यापनही करू शकतो. म्हणून स्तंभलेखन करणारा वकील नियमभंग करत नाही. दिवसभर वार्तांकनाची नोकरी करून अधूनमधून काळा कोट चढवणारा मात्र करतो.

हे केवळ पुस्तकातले नियम राहिलेले नाहीत. १९९६ मध्ये महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्याच एका प्रकरणात, वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून सनद मागणाऱ्या डॉक्टरला ती नाकारणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. वकिलीला पूर्ण लक्ष द्यावे लागते, दुसऱ्या व्यवसायाची शेपटी लावून ती करता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात, आपण वकीलही आहोत आणि पत्रकारही, असे सांगणारा माणूस सर्वोच्च न्यायालयापुढे उभा राहिला तेव्हा न्यायालयानेच या दुहेरी भूमिकेवर बोट ठेवले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने भूमिका मांडली की वकिलाला पूर्ण वेळ पत्रकारिता करता येणार नाही, आणि त्या वकिलाने यापुढे फक्त वकिलीच करू असे न्यायालयाला सांगितले. दुहेरी पदवीच्या माहितीपत्रकात या दोन प्रकरणांचा उल्लेख असायला हवा.

छत्तिसावा नियम आणखी बारीक आहे आणि दूरचित्रवाणीच्या काळात तो रोज मोडला जातो. वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करू नये एवढ्यावर तो थांबत नाही. स्वतः लढवत असलेल्या खटल्यासंबंधी वृत्तपत्रांत मजकूर पुरवणे, तो यावा अशी व्यवस्था करणे, त्या निमित्ताने आपला फोटो छापून आणणे यालाही तो मनाई करतो. दोन्ही विषय शिकलेल्या तरुण वकिलाला सर्वात मोठा मोह नेमका इथे असतो. बातमी कशी बनते हे त्याला ठाऊक असते, डेस्कवर त्याचे मित्र असतात आणि आपल्या खटल्याचा कोणता कोपरा मथळा होईल हे त्याला दिसत असते. दुसऱ्या पदवीने दिलेली ही जाण पहिल्या पदवीने मिळालेल्या सनदेला धोका बनते.

गुपित कोणाचे

नियमांपेक्षा खोल अडचण कर्तव्यांची आहे. अशिलाने सांगितलेले गुपित वकिलाने जपायचे असते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमाने (पूर्वीच्या पुरावा कायद्यातले १२६ वे) हे बंधन घातले आहे. वकीलपत्र संपले तरी ते संपत नाही. अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय, किंवा गुन्ह्यासाठी सल्ला मागण्यासारखे अपवाद सोडले तर, वकिलाला तोंड उघडता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, याच अपवादांबाहेर तपास यंत्रणांनी अशिलाच्या माहितीसाठी वकिलांना समन्स काढू नये असे सांगून हे कवच अधिक भक्कम केले.

पत्रकाराचे कर्तव्य उलट्या दिशेने चालते. लोकांच्या हिताचे जे दडवले जात आहे ते उघड करणे हे त्याचे काम, आणि त्यासाठी माहिती देणाऱ्याचे नाव न सांगणे ही त्याची प्रतिष्ठा. या प्रतिष्ठेला आपल्या कायद्याचे बळ मात्र फार तोकडे आहे. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या पंधराव्या कलमात, स्रोत सांगण्याची सक्ती पत्रकारावर करता येणार नाही असे म्हटले आहे, पण ते प्रेस कौन्सिलपुढच्या चौकशीपुरते. दिवाणी वा फौजदारी न्यायालयात तो आधार चालत नाही. विधी आयोगाने १९८३ मध्ये आपल्या त्र्याण्णवाव्या अहवालात पुरावा कायद्यात यासाठी नवे कलम घालण्याची शिफारस केली होती. २०२३ मध्ये सगळा पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला, तेव्हाही ते कलम आले नाही. इंग्लंडने न्यायालय अवमान कायदा, १९८१ च्या दहाव्या कलमात आणि ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये केंद्रीय पुरावा कायद्यात पत्रकारांच्या स्रोताला संरक्षण दिले आहे. आपल्याकडे वकिलाचे मौन कायदेशीर हक्क आहे आणि पत्रकाराचे मौन धाडस.

आता या दोघांना एकाच देहात ठेवून पाहा. एका सीनियरच्या चेंबरमध्ये ज्युनिअर म्हणून बसणारी मुलगी एका साप्ताहिकासाठी लिहितेही आहे. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याची फाईल तिच्यासमोर येते. कारखाना हा चेंबरचा अशील. फाईलमध्ये प्रदूषणाची खरी आकडेवारी आहे आणि ती नियामक मंडळाला दिलेल्या आकडेवारीशी जुळत नाही. पत्रकार म्हणून गप्प बसणे तिला बोचेल आणि वकील म्हणून बोलणे तिची सनद घालवेल. उलट प्रसंगही तितकाच अवघड. महापालिकेतला एखादा कर्मचारी तिला ‘वकीलसाहेब’ म्हणून विश्वासाने कागद देतो. त्याला वाटते, वकिलाशी बोलतोय, म्हणजे नाव बाहेर येणार नाही. पण तो अशील म्हणून आलेला नाही, सल्ला मागायला आलेला नाही. त्याने बातमी दिली आहे. उद्या न्यायालयाने विचारले तर १३२ वे कलम त्याच्या मदतीला येईलच असे नाही. तिच्या दोन पदव्यांमुळे त्याची फसगत झालेली असते आणि तिला ते कळायलाही उशीर झालेला असतो.

दोन्ही व्यवसायांत सचोटी आहे, पण त्या सचोटीचा धनी वेगळा आहे. वकील अशिलाचा आणि न्यायालयाचा असतो, पत्रकार वाचकाचा. वकिलाने एक बाजू जीव तोडून मांडायची असते. दुसरी बाजू मांडायला समोर दुसरा वकील असतो आणि निवाडा करायला न्यायाधीश. बातमीत समोर कोणीच नसते. एकच बाजू मांडण्याची वकिली सवय बातमीत आली की तिचे प्रचारात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

टिळक आणि आंबेडकर यांचा दाखला

यावर ठरलेला आक्षेप येतो: टिळक एलएल.बी. होते आणि ‘केसरी’चे संपादकही, बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि ‘मूकनायक’चे संस्थापकही, गांधीजी बॅरिस्टर आणि ‘यंग इंडिया’चे संपादक. मग आजच्या मुलांनाच का अडवता? दाखला चुकीचा नाही, पण तो नीट वाचला तर दुसरेच काही सांगतो.

टिळकांनी १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि वकिली केली नाही. कायद्याचे वर्ग चालवले, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ चालवले. १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात त्यांना आणि आगरकरांना अब्रुनुकसानीबद्दल तुरुंगवास झाला, कारण ज्या पत्रांवर त्यांनी भरवसा ठेवला होता ती न्यायालयात बनावट ठरली. कायद्याची पदवी पडताळणीची जागा घेत नाही, हा धडा मराठी पत्रकारितेला इतक्या सुरुवातीलाच मिळाला होता. १९०८ च्या राजद्रोह खटल्यात टिळकांनी स्वतःचा युक्तिवाद स्वतः केला आणि तो कितीतरी तास चालला. त्यांचे कायद्याचे ज्ञान तिथे पणाला लागले, तेही आरोपी म्हणून. त्याच वर्षी त्या खटल्यासंबंधीच्या लिखाणाबद्दल न. चिं. केळकर यांना उच्च न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा झाली. केळकरही एलएल.बी.च होते.

गांधीजींची गोष्ट आणखी बोलकी आहे. अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेणाऱ्या वकिलांविषयी उच्च न्यायालयाला लिहिलेले पत्र १९१९ मध्ये त्यांनी ‘यंग इंडिया’त छापले. मुंबई उच्च न्यायालयाने माफी मागायला सांगितली. गांधीजींनी नकार दिला, पत्र छापणे हे पत्रकार म्हणून आपले कर्तव्य होते अशी भूमिका घेतली आणि १९२० मध्ये न्यायालयाने त्यांना समज दिली. बॅरिस्टर गांधींना न्यायालयाच्या शिष्टाचाराचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी जाणीवपूर्वक एका निष्ठेला दुसरीच्या वर ठेवले आणि त्याची जबाबदारी घेतली.

बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ १९२० मध्ये काढला, तेव्हा ते अजून बॅरिस्टर झाले नव्हते; त्याच वर्षी ते लंडनला गेले आणि पुढे पाक्षिक बंद पडले. वकिली सुरू झाल्यावर १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाला. पैसा आणि माणसे दोन्ही अपुरी असल्याने त्याचे रकाने बऱ्याच अंशी त्यांनाच भरावे लागत. एकीकडे न्यायालय, दुसरीकडे महाडचा सत्याग्रह, तिसरीकडे अंकाची तारीख. १९२९ मध्ये तोही बंद झाला. एवढ्या असामान्य माणसाला जे पेलणे जड गेले ते आपल्या माहितीपत्रकांत सहज म्हणून दाखवले जाते.

शिवाय ती पत्रे चळवळीची होती. संपादक कोणत्या बाजूचा आहे हे वाचकाला मुखपृष्ठावरून कळत असे आणि त्यात फसवणूक नव्हती. आजची बातमीदारी तटस्थतेचा दावा करते. सकाळी एका पक्षाची बाजू न्यायालयात मांडलेला वकील रात्री स्टुडिओत ‘कायदेतज्ज्ञ’ म्हणून त्याच विषयावर बोलतो आणि सकाळच्या वकीलपत्राचा उल्लेख कोणी करत नाही, तेव्हा टिळकांचे नाव घेऊन त्याचे समर्थन करता येत नाही.

बातमीला कायद्याने काय मिळते

तरीही पत्रकाराने कायदा शिकावाच, हे ठामपणे म्हणायला हवे. एफआयआर आणि आरोपपत्र यांत फरक न करणाऱ्या बातम्या आपण रोज वाचतो. न्यायाधीशांनी सुनावणीत विचारलेला प्रश्न ‘न्यायालयाने फटकारले’ म्हणून छापला जातो आणि दोन तासांनी आलेल्या प्रत्यक्ष आदेशात त्याचा मागमूस नसतो. अटकपूर्व जामीन मिळाला की ‘निर्दोष’ आणि फेटाळला की ‘दोषी’ असा समज तयार केला जातो. कठुआतल्या अत्याचारपीडित बालिकेचे नाव प्रसिद्ध केल्याबद्दल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या ‘पोक्सो’ कायद्याचे तेविसावे कलम वाचलेला एक माणूस डेस्कवर असता तर ही वेळ आली नसती. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये जे मार्गदर्शक निर्देश दिले, त्यांची गरजही अशाच अज्ञानातून, आणि त्याहून अधिक बेफिकिरीतून, निर्माण झाली होती.

मुंबईच्या पत्रकारितेने घडवलेला नरेश श्रीधर मिरजकर खटला या विषयाच्या प्रत्येक वर्गात शिकवावा असा आहे. ‘ब्लिट्झ’विरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराच्या जबानीला प्रसिद्धी देऊ नये, असे उच्च न्यायालयाने तोंडी सांगितले. साप्ताहिकाचा बातमीदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने त्याची याचिका फेटाळली, आणि न्यायदानाच्या हितासाठी प्रसिद्धी रोखण्याचा न्यायालयाचा अधिकार मान्य केला. खुल्या न्यायालयाचे तत्त्व कुठवर जाते आणि कुठे थांबते, हे ज्याला यातून समजले त्याची कोर्टाची बातमी वेगळी दिसते.

पण एवढ्यासाठी एलएल.बी.च हवे का? सर्वोच्च न्यायालयात अधिस्वीकृत वार्ताहर होण्यासाठी कायद्याच्या पदवीची अट होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी ती काढून टाकली. पत्रकारितेत कायद्याची पदवी औपचारिकपणे लागत असलेली सर्वात ठळक जागा अशी मोकळी झाली. त्यातच घटनापीठांच्या सुनावण्या २०२२ पासून थेट दिसू लागल्याने, न्यायालयात प्रवेश मिळणे ही पूर्वीइतकी दुर्मीळ गोष्ट राहिली नाही. आता मोल आहे ते निकाल वाचून त्याचा अर्थ सोप्या मराठीत सांगता येण्याला. ते मोल पदवीने मिळू शकते, आणि पदवी नसलेल्या पण चिकाटीने निकालपत्रे वाचणाऱ्या बातमीदारालाही मिळते.

याच्या उलट एक धोकाही आहे. कायदा शिकलेला पत्रकार न्यूजरूममध्ये लवकरच ‘हे छापता येईल का’ विचारण्याचा माणूस बनतो. फौजदारी अब्रुनुकसानीचे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरवले असल्याने त्याची भीती निराधार नसते. पण प्रत्येक परिच्छेदात खटला दिसू लागला की बातमी छापण्यापूर्वीच मरते. मालकाला ते सोयीचेही असते; भित्रेपणाला कायदेशीर सल्ल्याचे नाव देता येते. याच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला बातमीदार स्वतःच सरकारी वकील होऊन बसतो आणि स्टुडिओत उलटतपासणी सुरू होते. कायद्याचे अर्धवट शिक्षण या दोन्ही टोकांना नेऊ शकते.

वर्षांचा हिशेब

दोन्ही व्यवसाय उमेदवारी मागतात. वकिलाला सीनियरच्या हाताखाली तारखांमागे धावत, मसुदे खोडून पुन्हा लिहीत काही वर्षे घालवावी लागतात. बातमीदाराला पोलिस ठाणी, महापालिका, रुग्णालये यांच्या फेऱ्या घालत तेवढीच. दुहेरी पदवी या उमेदवारीतले एक वर्षही कमी करत नाही. उलट पाच-सहा वर्षांच्या भरगच्च वेळापत्रकात दोन्हीकडच्या इंटर्नशिप अर्ध्यामुर्ध्या होतात. पहिल्या वर्षांतल्या कमाईचा अंदाजही आधीच घ्यावा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती सक्ती नाही. प्रादेशिक वृत्तपत्रांतली सुरुवातही सुखाची नसते. महागडे पॅकेज घेतलेल्या विद्यार्थ्याला कर्जाचा हप्ता मग तिसऱ्याच, कॉर्पोरेट किंवा जनसंपर्काच्या नोकरीकडे ढकलतो आणि दोन्ही पदव्या भिंतीवर राहतात.

परदेशी जाणाऱ्यांनी हा हिशेब अधिक काटेकोर करावा. दुहेरी पदवीची कल्पना ऑस्ट्रेलियात चांगली रुजलेली आहे. कायदा आणि पत्रकारिता किंवा संज्ञापन असा जोडअभ्यासक्रम तिथली अनेक विद्यापीठे देतात. तिथेही कायद्याचे अकरा सक्तीचे विषय, त्यानंतर व्यावहारिक प्रशिक्षण आणि मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात नोंदणी, एवढे झाल्याशिवाय वकिली नाही. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने शुल्करचना बदलली, तेव्हा कायदा आणि संज्ञापन हे दोन्ही विषय स्थानिक विद्यार्थ्यांसाठी सर्वात महाग गटात, वर्षाला १४,५०० डॉलरच्या गटात गेले. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याचे शुल्क त्याहून बरेच जास्त असते. पुण्या-नागपूरहून गेलेल्या मुलाला परत येऊन इथे वकिली करायची असेल तर ती परदेशी पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली असावी लागते, आणि वर पात्रता परीक्षाही द्यावी लागते. तिथल्या अब्रुनुकसानीच्या आणि अवमानाच्या कायद्याचा अभ्यास इथल्या कोर्ट बीटवर फारसा उपयोगी पडत नाही, हा भाग वेगळाच.

कोणी काय करावे

विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी माहितीपत्रकात तीन गोष्टी ठळक छापाव्यात: अभ्यासक्रमाला बार कौन्सिलची मान्यता आहे की नाही, सनद घेतल्यावर पूर्ण वेळ पत्रकारिता करता येत नाही, आणि मागच्या तुकड्यांतले किती विद्यार्थी प्रत्यक्षात वकील, किती पत्रकार आणि किती जण तिसरेच काही झाले. तिसरा आकडा द्यायला जी संस्था टाळाटाळ करते तिथे प्रवेश घेताना दहा वेळा विचार करावा. अभ्यासक्रमात अशिलाचे गुपित आणि पत्रकाराचा स्रोत हे दोन विषय शेजारी शेजारी, एकाच पेपरमध्ये शिकवावेत. ते वेगवेगळ्या विभागांत वेगवेगळ्या वर्षी शिकवले गेले, तर त्यांतला संघर्ष विद्यार्थ्याला नोकरीतच पहिल्यांदा भेटतो.

विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: एखादी दडवलेली गोष्ट हातात आली तर मला ती जपायची आहे की जगाला सांगायची आहे? उत्तर ‘जपायची’ असेल तर वकिली करावी, आणि पत्रकारितेचे शिक्षण मसुदा स्वच्छ लिहिण्यासाठी, स्तंभलेखनासाठी, वृत्तपत्रांना सल्ला देण्यासाठी वापरावे. उत्तर ‘सांगायची’ असेल तर बातमीदारी करावी, कायदा मन लावून शिकावा आणि सनदेच्या मागे लागू नये. घेतलीच असेल तर ती रीतसर थांबवून नोकरी धरावी. पाच वर्षांनी उत्तर बदलले तर व्यवसायही बदलता येतो. त्यात कमीपणा काही नाही. दोन्ही एकाच वेळी धरून ठेवण्यात मात्र अशिलाचाही तोटा आहे आणि वाचकाचाही.

संपादकांची जबाबदारीही कमी नाही. लेखाखाली किंवा चर्चेच्या सुरुवातीला, लिहिणारा वा बोलणारा वकील या विषयातल्या कोणत्या पक्षकाराचे काम पाहतो, हे एका ओळीत सांगितलेच पाहिजे. वाचकाने ही ओळ मागायला हवी आणि ती नसेल तर त्या मतावरचा आपला विश्वास तेवढ्या प्रमाणात कमी करावा. न्यायालये आणि माध्यमे या दोन संस्था एकमेकींवर नजर ठेवतात म्हणून लोकशाहीला उपयोगी आहेत. दोघींचे काम जाणणारी माणसे समाजाला हवीतच. पण त्यांनी एका वेळी एकीकडेच चाकरी करावी आणि ती कोणाकडे आहे हे उघड सांगावे, एवढी किमान शिस्त या दुहेरी शिक्षणाने दिली नाही तर ते शिक्षण दोन्ही व्यवसायांचे नुकसानच करील.